पहिली रायफल आणि सांगलीतलं बंदुकीचं दुकान

शिराळ्याच्या वर आमचं रान, पलीकडं चांदोलीचं जंगल. डुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना काढला आणि सांगलीतून .३१५ ची (हे नळीचं इंचातलं माप) रायफल घेतली. रायफल शिकारीच्या धाटणीचीच, पण शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद. डुकरावर झाडायलाही वनखात्याची परवानगी लागते.

दुकानातल्या काकांनी बिल केल्या केल्या रायफल हातात दिली नाही. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारी खिटी) मागं ओढला, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं आणि म्हणाले, "चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, करंगळी घालून बघा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका." मग तासभर साफसफाई शिकवली. नव्या नळीत कारखान्याचं ग्रीस असतं, ते काढल्याशिवाय गोळी झाडायची नाही. बोल्ट काढून गज, म्हणजे चिंधी लावून नळी पुसायची सळई, मागच्या बाजूनंच घालायचा. गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडून घातला की तिथली कड झिजते आणि नेम बिघडतो. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली, सातवी पांढरी. शेवटी तेलाचा अगदी पुसट हात. झाडायच्या आधी मात्र नळी कोरडी चिंधी फिरवून पुसायचीच.

साफसफाईच्या किटवर मी नाराज आहे. ६५० रुपये घेतले, पण गजाचे तीन तुकडे जोडावर हलतात. अखंड गज मागवायला सांगितलंय.

आमच्याकडच्या पावसात रायफल कापडी कव्हरात ठेवू नका, कापड ओल धरतं. मी आठवड्याला काढून पुसतो. काकांना फोन केला तर आजही नीट सांगतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं इथंच जावं, वेळ काढून जावं.