लिनक्स मिंट, सेकंडहँड लॅपटॉप आणि झाकण उघडल्यावरची काळी स्क्रीन

सेलूत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. स्टॉक आणि उधारी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवतो. त्यासाठी ८ जीबी रॅम आणि इंटेल ग्राफिक्सचा जुना लॅपटॉप घेऊन विंडोजऐवजी मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम टाकली, त्याला वर्ष होत आलं. प्रिंटर, वायफाय, मराठी कीबोर्ड सगळं पहिल्यापासून चालू. डोकं खाल्लं ते फक्त सस्पेंडनं, म्हणजे झाकण मिटल्यावर मशीन झोपवण्यानं.

झाकण उघडावं तर पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलाय आणि स्क्रीन काळी. दुरुस्तीवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, "दादा, डिस्प्ले गेला." गेलेला नव्हता. अंधारात मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरली तर पासवर्डचा चौकोन पुसट दिसत होता. म्हणजे पॅनल धड, नुसता बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) पेटत नव्हता. ब्राइटनेसच्या बटणानं तो कधी यायचा, कधी नाही. ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' घालून 'अपडेट-ग्रब' चालवलं, तेव्हा कटकट मिटली. काही मॉडेलना 'नेटिव्ह'ऐवजी 'व्हेंडर' लागतं.

टॉर्चनंही काही दिसलं नाही तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल (सिस्टमचा गाभा) जागा आहे. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळं टर्मिनल आलं की समजायचं, अडकलंय ते ग्राफिक्सचं सेशन. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ नं परत आल्यावर कधी कधी तेवढ्यावरच चित्र येतं. पॉवर बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय, कारण सेव्ह न केलेली उधारी त्यात जाते आणि ती गिऱ्हाईक आठवणीनं सांगायला येत नाही! जागं झाल्यावर स्क्रीन थरथरत असेल, तर इंटेलवर बहुधा पॅनल सेल्फ रिफ्रेश (चित्र स्थिर असताना वीज वाचवायची सोय) नडतं. 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' नं ते बंद होतं. बॅटरी किंचित जास्त खातं, चालतंय.

पण माझं मत विचाराल तर आमच्याकडं सस्पेंडवर विसंबूच नये. सस्पेंडमध्ये रॅमला वीज लागतच राहते. वळवाच्या पावसात रात्री लाइट गेली आणि जुनी बॅटरी संपली की उघडं काम गेलंच. हायबरनेट सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करतं. ते आयतं मिळत नाही. माझ्याकडं स्वॅप फाईल (रॅममधलं डिस्कवर ठेवायची जागा) २ जीबीचीच होती, म्हणून १० जीबीचं स्वॅप पार्टिशन केलं, त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) ग्रबमध्ये 'रिझ्यूम=' पुढं लिहिला, इनिटरामएफएस (बूट होताना आधी लागणारी छोटी फाईल) नव्यानं बनवलं. 'रिझ्यूम' राहिलं तर मशीन गुपचूप नव्यानं बूट होतं आणि आपण डिस्प्लेला शिव्या देत बसतो. बायोसमधलं सिक्युअर बूटही (सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागलं, ते चालू असताना कर्नल हायबरनेट करू देत नाही. आता झाकण मिटलं की आधी सस्पेंड, तासाभरानं आपोआप हायबरनेट. सिस्टमडीत (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) ही सोय आहे. मृगाच्या तोंडावर बियाण्यांची गर्दी होती तेव्हा हिनंच तारलं. एसएसडी मात्र हवीच.

एक दुखणं उरलंय: एचडीएमआयला टीव्ही जोडलेला असताना जागं केलं तर अजूनही कधी कधी टीव्ही कोराच राहतो. केबल काढून परत लावतो.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्सवाल्यांचं प्रकरण वेगळं. तिथं कंपनीच्या ड्रायव्हरच्या सस्पेंड, हायबरनेट आणि रिझ्यूम या तिन्ही सर्व्हिस चालू आहेत ना, हे आधी बघा. आणि जुना लॅपटॉप घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी, दुकानातच, मिंटच्या पेनड्राइव्हवरून चालू करून झाकण दोन-तीनदा मिटून उघडून बघा.