सी मध्ये दोन मितींचा तक्ता: पॉइंटरचा पॉइंटर की एकच सलग पट्टी?

हजार ओळी आणि हजार कॉलमचा पूर्णांकांचा तक्ता हवा आहे, पण नेमका आकार प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळणार आहे. अशा वेळी कॉलेजात बहुतेकांना एकच रीत दाखवली जाते, ती म्हणजे पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) पॉइंटर, दोन तारेवाला (**). आधी हजार पॉइंटरांची रांग मॅलॉक करायची, म्हणजे मॅलॉक फंक्शनकडून तेवढी मेमरी मागून घ्यायची, मग लूप लावून प्रत्येक ओळीसाठी वेगळं मॅलॉक. दुसरी रीत म्हणजे दहा लाख पूर्णांकांची एकच सलग पट्टी घ्यायची, एकच पॉइंटर ठेवायचा आणि हवं ते घर गणिताने शोधायचं: ओळ गुणिले कॉलमसंख्या, अधिक कॉलम. मी कितीतरी वर्षं पहिली रीत वापरली. आज नवा तक्ता करायचा झाला तर हात आधी दुसरीकडे जातो.

दोन तारेवाल्या रीतीत तक्ता[ओळ][कॉलम] वाचायला मेमरीत दोन फेऱ्या लागतात. पहिल्या पत्त्यावर गेलं की तिथे आकडा नसतो, दुसऱ्या घराचा पत्ता असतो. सलग पट्टीत एक गुणाकार, एक बेरीज आणि एकच फेरी. हल्लीचा प्रोसेसर गुणाकार तीन-चार सायकलमध्ये उरकतो. पत्ता कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसेल, तर मुख्य मेमरीची वाट पाहण्यात शंभराहून जास्त सायकल जाऊ शकतात.

तरीही वेगाचा हा मुद्दा सरसकट लावू नका. ओळीओळीने वाचत असाल तर कंपायलर त्या ओळीचा पत्ता एकदाच उचलून रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतच, ठेवतो आणि फरक जवळजवळ उरत नाही. तो दिसतो कॉलमने उभं उतरताना आणि कुठल्याही घरात उड्या मारताना. आणखी एक जागा सहसा कुणी सांगत नाही: चित्राच्या पिक्सेलांसारखा कॅरेक्टरांचा तक्ता. सी च्या नियमांनुसार कॅरेक्टर पॉइंटर कुठल्याही प्रकारच्या मेमरीला हात लावू शकतो. त्यामुळे पिक्सेल लिहिताना आपण ओळीचा पत्ताच बदलला असेल, असं कंपायलरला धरून चालावं लागतं आणि तो पत्ता पुन्हा पुन्हा वाचतो. अशा लूपच्या आधी ओळीचा पॉइंटर एका लोकल व्हेरिएबलमध्ये काढून घ्या.

जागेचा हिशोब तक्त्याच्या आकारावर ठरतो. हजार बाय हजारला ४० लाख बाइट लागतात, त्यावर ८ बाइटांचे हजार पॉइंटर म्हणजे काहीच नाही. पण दहा लाख ओळी आणि प्रत्येकीत तीनच पूर्णांक असतील तर? ओळीमागे माहिती १२ बाइटांची. ६४ बिटी लिनक्सवर ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीचं मॅलॉक ३२ बाइटांपेक्षा लहान तुकडा अडवतच नाही, शिवाय पॉइंटरचे ८ बाइट. म्हणजे १२ बाइटांसाठी ४० गेले. त्यात सहाशेवं मॅलॉक फसलं तर आधीचे ५९९ तुकडे सोडण्याची जबाबदारी आपलीच. पट्टीला एक मॅलॉक, एक फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन).

पट्टीचे दोन धोके मात्र खरे आहेत. ५०,००० गुणिले ५०,००० म्हणजे २५० कोटी, आणि ३२ बिटी पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. म्हणून ते गणित साइज_टी या आकार मोजण्यासाठीच्या प्रकारातच करा. दुसरा धोका जास्त छुपा आहे. कॉलमचा आकडा एकाने चुकला तर आपण गुपचूप पुढच्या ओळीत शिरतो. मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावला तरी तो गप्पच बसतो, कारण आपण त्याच तुकड्याच्या आत असतो. ओळी वेगवेगळ्या मॅलॉक केलेल्या असत्या, तर त्याने तिथल्या तिथे पकडलं असतं.

ओळींची लांबी वेगवेगळी असेल तर फार विचार न करता दोन तारे घ्या. मजकुराच्या ओळी हे त्याचं सरळ उदाहरण, आणि मेन फंक्शनला मिळणारा आर्गव्ही (कमांड लाइनवरच्या शब्दांची यादी) तसाच असतो. गाउसच्या पद्धतीने समीकरणं सोडवताना ओळींची अदलाबदल करावी लागते, तिथेही हीच रीत सोयीची: दोन पत्ते बदलले की झालं, पट्टीत अख्ख्या ओळी हलवाव्या लागतात. पण तोच तक्ता पुढे ब्लास किंवा लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ऱ्यांकडे द्यायचा असेल तर त्यांना सलग पट्टीच लागते, आणि तिथे कॉपी करत बसावं लागतं.

सी९९ पासून (सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणापासून) तिसरी वाटही आहे, ॲरेकडे बोट दाखवणारा पॉइंटर. मेमरी एकच सलग, आणि लिहायला दोन चौकटी कंस. मला ही सगळ्यात आवडते. सी११ ने ती ऐच्छिक केली, सी२३ ने हा प्रकार पुन्हा सक्तीचा केला. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर मात्र आकार चालताना ठरणारे ॲरे चालत नाहीत. कोड तिथे जाणार असेल तर ही वाट बंद.

दोन्हींचा मेळ घालणारेही आहेत: पट्टी एकच मॅलॉक करायची आणि ओळींचे पॉइंटर तिच्या आत रोवायचे. दोनच मॅलॉक, ओळींची अदलाबदलही स्वस्त. फक्त पट्टीचा मूळ पत्ता वेगळा जपून ठेवा. शेवटी तक्ता[०] फ्री करण्याची अनेकांना सवय असते, आणि शून्याची ओळ मधेच कधी अदलाबदलीत गेली असेल तर तो पत्ता पट्टीच्या मधला असतो. मी ही चूक केली आहे. प्रोग्रॅम कोसळला तो फ्री वर, आणि मी दोन दिवस गणिताच्या फंक्शनमध्ये दोष शोधत बसलो होतो.