काळ्या कोटाखाली रनिंगचं घड्याळ : नऊ महिने आणि तीन कफांनंतर

हे लिहायला बसलोय कारण शुक्रवारी रिंग तुटली. घड्याळ नाही, रिंग. पट्टा बक्कलात अडकवल्यावर जे टोक उरतं ते ज्याच्यात खोचतो ती काळी रबराची रिंग, बोटाच्या पेराएवढी पण नाही. तुटली कुठे तर कोल्हापूरला, गाऊन चढवताना, अस्तरात अडकून. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आम्हा साताऱ्याच्या वकिलांची मुंबईची वारी वाचली, पण कोट, गळ्यातला पांढरा बँड, गाऊन सगळा सरंजाम घेऊन सव्वाशे किलोमीटर जायचं आणि तिथे पोचल्यावर हे. दिवसभर पट्ट्याचं टोक बाहीतून उंदराच्या शेपटीसारखं बाहेर. एका हातात फाईल, दुसऱ्या हाताने शेपूट आत ढकलतोय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे आणि चालू प्रकरणावर बाहेर बोलू नये ही धंद्याची सवय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल: जीपीएस, पाच बटणं, मागे हिरवा दिवा मारणारा हार्ट रेट सेन्सर, २२ मिमीचा पट्टा, जाडी साडेतेरा मिलिमीटर. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा शेवटचा आकडा धरून ठेवा. दिवाळीच्या सेलमध्ये २१,४९९ ला घेतलं.

पळायला घड्याळ एक नंबर. सकाळी साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात अंधारात, पावसात, धुक्यात, कधी दगा दिला नाही, बॅटरी आठ दिवस आरामात जाते, घाटात चढ किती झाला ते बरोबर दाखवतं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पळण्यासाठी घेणार असाल तर डोळे झाकून घ्या आणि पुढचं वाचू नका.

माझा विषय वेगळा आहे. हे घड्याळ मी कोर्टात पण घालतो.

का घालतो याचं सांगायचं कारण असं की झोप, रेस्टिंग पल्स, रिकव्हरी वगैरे आकडे खरे यायचे तर ते चोवीस तास हातावर पाहिजे. खरं कारण असं की एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू दहा ते सहा कपाटात ठेवायची हे मला झेपत नाही. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं टायटन एज आहे घरी. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं सगळं मिळून, हातावर आहे की नाही कळत नाही इतकं चपटं. ते डबीत झोपलंय. बायको म्हणाली, "अहो, कोटावर हे रबराचं बरं दिसतं का?" मी म्हटलं बार कौन्सिलच्या ड्रेसच्या नियमात कोट आहे, बँड आहे, गाऊन आहे, घड्याळाचा एक शब्द नाही. जे मना केलेलं नाही ते चालतं. ती म्हणाली, "हो, पायात स्लिपर घालून जा मग."

पहिले तीन महिने माझं मत पक्कं होतं की चालतं. कोण बघतंय? थंडीचे दिवस, कोटाची बाही पूर्ण खाली, आत काय आहे कुणाला दिसत नाही. एकदाच बाररूममध्ये एका सीनियरांनी बघितलं. त्यांना घड्याळांचा नाद आहे, दर महिन्याला जुनं काहीतरी किल्ली देऊन आणतात. म्हणाले, "काय रे, पोहायला चाललायस का?" मी आपला बचाव सुरू केला तर तेच माझ्या बाजूने बोलायला लागले. म्हणाले रिव्हर्सो माहितीये? चौकोनी, उलटं फिरवता येतं ते. आज लोक सुटावर घालायला लाखो रुपये देऊन घेतात, पण १९३१ मध्ये ते निघालं इंग्रज अधिकाऱ्यांसाठी, हिंदुस्थानात पोलो खेळताना घड्याळाच्या काचा फुटायच्या म्हणून. तोंड आत फिरवायचं आणि पाठ बाहेर, लागू दे काय लागायचं ते. म्हणजे खेळाचंच घड्याळ. रोलेक्सचं सबमरिनर १९५३ चं, पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी, आज बोर्डरूममध्ये दिसतं. आणि बिल क्लिंटन तर अध्यक्ष असताना सुटावर टायमेक्सचं आयर्नमॅन घालायचे, प्लॅस्टिकचं, डिजिटल, ट्रायथलॉनवाल्यांसाठी काढलेलं. पेपरवाल्यांनी टिंगल केली, त्यांना काय फरक पडला?

मी खूश. अमेरिकेच्या अध्यक्षाला चालतं तर जिल्हा न्यायालयात का नाही चालणार. हा युक्तिवाद मी त्यानंतर चार-पाच जणांना ऐकवला.

मग मार्च आला. उन्हाळ्यात आम्हाला खालच्या कोर्टात कोटाची सवलत असते, म्हणजे नुसता पांढरा शर्ट आणि बँड. कोट उतरला आणि डावा कफ उघडा पडला. आधी वाटलं धोब्याने घासलाय. कडेला लव सुटल्यासारखी, मग दोन धागे, मग एक करडी रेघ जी कशानेच जात नाही. उजवा कफ बघितला, नवा कोरा. दुसरा शर्ट काढला, तिसरा काढला, तिन्हींचं तेच. डावाच. ठीक जिथे घड्याळाची कड येते तिथेच, बटणाच्या विरुद्ध बाजूला, दीड इंचभर.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बसून बघितलं की होतंय काय. आपलं साधं घड्याळ मनगटाच्या हाडाच्या खाली, हाताच्या पंजाकडे असतं, थोडं सैल असतं, कफ वर गेला की ते खाली घसरतं, दोघांचं भांडण नाही. या घड्याळाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की हाडाच्या वर घाला आणि घट्ट घाला, नाहीतर सेन्सरला नाडी सापडत नाही. हाडाच्या वर म्हणजे कुठे? बरोबर जिथे कफचं बटण लागतं तिथे. म्हणजे साडेतेरा मिलिमीटरचा खडबडीत कडेचा ठोकळा कफच्या आत, आणि कफ दिवसभर त्याच्यावरून वर-खाली. लिहिताना, फाईल उचलताना, हात वर करून "माय लॉर्ड" म्हणताना. कानस मारल्यासारखं. कफ उघडा ठेवला तर गबाळं दिसतं, बटण लावलं तर घासतं, घड्याळ खाली घेतलं तर पल्स शंभर मिनिटांनी एकदा कधीतरी दाखवणार आणि तीही चुकीची. शिवाय सैल ठेवलं की सेन्सरचा हिरवा उजेड फटीतून बाहेर येतो, अंधाऱ्या कोर्टरूममध्ये मनगटात काजवा धरल्यासारखं दिसतं.

एक पांढरा शर्ट मला कापड आणि शिलाई धरून अठराशेला पडतो. तीन शर्ट. करा हिशोब. कुठल्याही रिव्ह्यूमध्ये हे लिहिलेलं नाही. स्क्रीनवर ऊन पडलं तर कसं दिसतं यावर पाच-पाच मिनिटं बोलतात लोक, कफबद्दल एक शब्द नाही, कारण व्हिडिओत सगळे टी-शर्ट घालून बसलेले असतात.

सीनियरांना सांगितलं. म्हणाले, "अरे, मग रिव्हर्सो चपटं असतं की. मी खेळाचं म्हणालो, ठोकळा नाही म्हणालो." हे आधी सांगायला काय झालं होतं?

तर उन्हाळ्यात माझं मत बदललं ते असं. आणि त्यात आवाजाची भर पडली. बसलेले असताना ठोके अमुक एका आकड्याच्या वर गेले की इशारा द्यायची सोय आहे त्यात, मी कौतुकाने चालू ठेवली होती. एका मॅटरमध्ये माझा नंबर पुकारायच्या आधी टेबलावर हात टेकून बसलोय, समोरचे वकील उभे, एकदम शांतता, आणि घड्याळ थरथरलं. हातावर त्याचा आवाज येत नाही. लाकडाला टेकलेलं असेल तर येतो, घर्रर्र, पाटावरवंट्यासारखा. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मोबाईल वाटला त्यांना. कोर्टात मोबाईल वाजणं म्हणजे काय हे सांगायला नको. मी उभा राहून बाही वर केली, म्हटलं सर, घड्याळ आहे, मोबाईल बंद आहे. स्क्रीनवर काय, तर तुम्ही शांत बसलेले असताना हृदयाचे ठोके ११२. साहेब काही बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवशी उरलेला वेळ १२० वर होतो.

याची एक मजा पण आहे, ती न लिहिणं अन्याय होईल. संध्याकाळी आलेख बघायचा छंद लागलाय. इतकी वर्षं मला वाटायचं की उलटतपासणीत माझे ठोके वाढत असतील. नाही वाढत. उलटतपासणीत मी ८० च्या आसपास, एकदम गार. वाढतात कधी तर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपल्या आधी दोन नंबर राहिलेत तेव्हा. वीस वर्षं प्रॅक्टिस करून मला माझ्याबद्दल हे माहीत नव्हतं, घड्याळाने सांगितलं. एवढ्यासाठी त्याला एक स्टार जास्त.

आणि एक स्टार परत घेतो, कारण पक्षकार. मेसेज आला की ते थरथरतं, थरथरलं की डोळे आपोआप तिकडे जातात, हात वळला की स्क्रीन लखकन उजळते. समोर बाई बसलेल्या, जमिनीच्या वाटपाचं सांगतायत, भावाबद्दल बोलताना रडतायत, आणि वकील घड्याळ बघतोय. मेसेज काय होता, तर गॅस बुकिंगचा. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला घाई आहे का?" त्या दिवसापासून दहा ते सहा सगळे नोटिफिकेशन बंद. मग एवढं सगळं बंद करून हातावर राहिलं काय, तर कफ खाणारं साधं घड्याळ.

मधे एक उपाय केला तो फसला. बाजारातून ४५० चा काळा चामड्याचा पट्टा आणला, खटका दाबून लागतो तसला. वाटलं चामडं लावलं की झालं फॉर्मल. लावून आरशात बघितलं तर धोतरावर हेल्मेट. गोल काळं प्लॅस्टिक, त्यावर पाच बटणं, आणि खाली मुंजीतल्यासारखा चकचकीत पट्टा. रबराच्या पट्ट्यात ते निदान आपण जे आहे ते आहे असं तरी दिसतं. वर रोज पहाटे पट्टा बदलायचा आणि दहाला परत बदलायचा. एकदा विसरलो आणि चामड्यावरच घाटात गेलो, जुलैचा पाऊस, आल्यावर घरात ओल्या चपलेचा वास. तो पट्टा आता कुत्र्याच्या साखळीला बांधलाय.

आता रिंग. शुक्रवारीच कोल्हापूरहून येताना गाडीत बसून सर्व्हिसला लिहिलं की रिंग तुटली, वॉरंटी चालू आहे, नवीन पाठवा, पैसे पडत असतील तर सांगा. उत्तर आलं की रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण पट्टा घ्यावा लागेल, २,९०० रुपये, आणि पट्टा झिजणारी वस्तू असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, झिजलेला नाही, तुटलाय, आणि पट्टा नाही, रिंग. परत तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. मी ग्राहक आयोगात कामं चालवतो हो. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी सुद्धा लागत नाही. नोटिशीचा ड्राफ्ट करून ठेवला, दोन पानं झाला. ज्युनियरला टाईप करायला दिला तर तो वाचून म्हणाला, "सर, रिंग म्हणजे सोन्याची का?"

हा वरचा परिच्छेद लिहून चहाला उठलो तेवढ्यात मेल: आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती गुण द्याल. दिले.

रिंगचं काम शनिवारी सायकलवाल्याने केलं. जुनी ट्यूब घेतली, बारक्या सायकलची, कात्रीने आडवी कापली, बांगडीसारखी पातळ चकती निघाली, पट्ट्यावर दुहेरी घालून चढवली. पैसे घेतले नाहीत, दोन जास्तीच्या कापून दिल्या. मूळ रिंगपेक्षा घट्ट बसते, सकाळी बारा किलोमीटर पळून आलो, हललेली नाही. आणि गंमत म्हणजे काळ्यावर काळी, कुणाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. २,९०० वाचले, ते शर्टांच्या खात्यात वळते केले.

शर्टांसाठी राजवाड्याजवळच्या टेलरकाकांकडे गेलो होतो मागच्या महिन्यात, कफ उलटवून मिळतील का विचारायला. पूर्वी कॉलर उलटवून द्यायचे तसं. त्यांनी तीनही कफ अंगठ्याने चाचपले आणि माझ्या हाताकडे न बघता म्हणाले, "जाड घड्याळ वापरता." दोन उलटवून दिले, तिसऱ्याचं कापड तेवढं राहिलं नव्हतं. म्हणाले पूर्वी माप घेताना विचारायचोच आम्ही, घड्याळ कुठल्या हाताला, आणि त्या हाताचा कफ अर्धा इंच मोठा धरायचो. आता कुणी घड्याळच घालत नाही म्हणून विचारायचं सोडलं. "तुमचे नवीन तसे शिवू का?"

दोन शिवून घेतले. डावा कफ अर्धा इंच मोठा, बटण लावूनही आत घड्याळ मोकळं राहतं, कड घासत नाही, कोटातून काही दिसत नाही. पाच आठवडे झाले, कफ अजून कोरा आहे. त्यामुळे जाता जाता मत परत थोडं बदलतो: फॉर्मलवर चालतं, पण थरथर बंद करा आणि शर्ट शिवून घ्या. रेडीमेडवाल्यांनी या भानगडीत पडू नये. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा टेलरकाकांचा.

फक्त एक झालंय. परवा एका लग्नाला बायकोने डबीतून टायटन काढून दिलं, म्हणाली निदान आज तरी. घातलं, नवीन शर्ट घातला, बटण लावलं, तर डावा कफ पंजावर येऊन लोंबायला लागला, आत ते चपटं घड्याळ दिसेना. काकांच्या मापाच्या वहीत माझ्या नावापुढे "डावा कफ अर्धा जास्त, घड्याळ" असं कायमचं लिहिलं गेलंय. रनिंगचं घालून गेलो.