जॅक रसेल टेरियर, फ्लॅटमध्ये: ३ वर्षांचा अनुभव

आमची गोटी आता तीन वर्षांची झाली, वजन साडेपाच किलो, आणि कोथरूडला खाली फिरवायला नेलं की कोणीतरी विचारतंच, किती गोड आहे, छोटीशीच राहते ना, फ्लॅटला बरी पडेल ना? आम्हीपण असंच साइज बघून घेतली आणि पहिलं वर्ष फार जड गेलं, आम्हाला गेलंच पण तिला जास्त गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. फ्लॅट केवढा आहे ते राहू दे, घरात कोणाकडे रोजचे दीड-दोन तास आहेत का तेवढं आधी बघा.

ही जात आली इंग्लंडमधल्या डेव्हनच्या जॉन रसेल नावाच्या पाद्रीबाबांच्या कुत्र्यांवरून, १८०० च्या शतकातली गोष्ट. काम काय तर कोल्ह्याच्या बिळात घुसून त्याला बाहेर काढायचं. म्हणून छाती इतकी लहान की मोठ्या माणसाच्या दोन पंजांत मावते, आणि जमिनीखाली मालक काय सांगणार, तिथे सगळं स्वतःचं स्वतःच ठरवायचं. हे वाचलं तेव्हा कुठे मला कळलं की ही हाक मारली तरी का येत नाही आणि तुळशीची कुंडी चार वेळा का उकरली.

पार्किंगमध्ये ड्रेनेजच्या झाकणाखाली घूस असली की गोटी जागच्या जागी थांबते, पुढचा एक पाय वर, मान तिरकी, आणि अंगाला बारीक थरथर, तेव्हा नाकासमोर चिकनचा तुकडा धरा, बघणारसुद्धा नाही. एकदा तिने खरंच घूस धरली, मानेला धरून दोन झटके, संपलं, मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं लेप्टोची (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस चालू आहे ना, आणि सोसायटीत उंदरांचं औषध टाकलंय का, कारण विष खाल्लेला उंदीर हिच्या पोटात गेला तर हिलापण विषबाधा होऊ शकते. तेव्हापासून पेस्ट कंट्रोलची तारीख मी वॉचमनकाकांकडून आधीच घेऊन ठेवते.

वेताळ टेकडीवर मोर आहेत, त्यामुळे लीश सोडायचा नाही म्हणजे नाही, आम्ही दहा मीटरची लांब दोरी आणि हार्नेस वापरतो. पावसाळ्यात घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिड बघायचे, टिक फीव्हर वाईट असतो. पण नुसतं चालवून ही दमत नाही, डोक्याला काम लागतं. जुन्या टॉवेलच्या घडीत खाऊ गुंडाळून देते आणि बाल्कनीत वाळूचा टब ठेवलाय, त्यात खेळणी पुरून ठेवायची. टब आल्यापासून कुंड्या वाचल्या आणि दुपारचं भुंकणं निम्म्यावर आलं, आईपण आता म्हणते हे आधी का नाही केलंस.

केस आखूड असले तरी गळतात, काळ्या कपड्यांवर पांढरे टोचून बसतात. घरात मांजर किंवा ससा असेल तर मी घ्या म्हणणार नाही.

आता ब्रीडरबद्दल. आमच्याने पिल्लू ६० दिवसांचं सांगितलं, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं चाळीसपण नसेल. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी लागते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. आईपासून लवकर तोडल्यामुळेच असेल, चावा किती जोरात घ्यायचा हे तिला शिकवायला आम्हाला सहा महिने लागले, माझ्या हातावर खुणा आहेत अजून. पिल्लाची आई दाखवा म्हणा, नाही दाखवली तर सरळ परत या. मागे टाळी वाजवून ऐकू येतं का बघा, या जातीत जन्मजात बहिरेपणा असतो. डोळ्यांतलं भिंग सरकण्याचा आजार आणि गुडघ्याची वाटी सरकणं हेपण असतं, चालताना मधेच मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं टाकली तर लगेच दाखवा.

नीट जपलं तर ही तेरा-चौदा वर्षं सहज जगतात. म्हणून आता ओळखीतलं कोणी विचारलं की मी सांगते, आधी आठ दिवस सकाळी सहाला आमच्याबरोबर टेकडीवर चल. दोघं आले. एकीने तिसऱ्या दिवशी विचार सोडला आणि एकाने घेतलं, त्याचा गोल्या आता गोटीबरोबर रोज असतो.