लिस्बनमधला नाश्ता: हॉटेलात की कोपऱ्यावर?

परदेशातल्या हॉटेलचं बुकिंग करताना ‘ब्रेकफास्टसह’ घ्यावं की नुसती खोली, हे हॉटेलला किती तारे आहेत त्यावर ठरवू नये. सोबत कोण आहे आणि त्या माणसाला सकाळी किती वाजता भूक लागते, ते आधी बघावं. पणजीतल्या एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये माझी उमेदीची वर्षं सरली, त्यामुळे सीपी आणि ईपी ही अक्षरं रक्तात भिनलेली. सीपी म्हणजे खोली अधिक नाश्ता, ईपी म्हणजे नुसती खोली. सीपीच्या पाहुण्याचं बिल झालं की नाश्त्याचे पैसे भाड्यातून वेगळे काढून आम्ही रेस्टॉरंटच्या खात्यात टाकायचो. पाहुणा खाली येऊन ‘कॉम्प्लिमेंटरी आहे ना?’ म्हणून विचारायचा आणि आम्ही हसून हो म्हणायचो.

लिस्बनला मी, आमची सौभाग्यवती आणि वहिनी असे गेलो होतो. हॉटेल आव्हेनिदा अल्मिरांत रेइश या लांबलचक रस्त्याजवळचं. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही. नाश्ता माणशी 14 युरो. युरो हल्ली शंभर रुपयांच्या आसपास फिरतो, म्हणजे तिघांचे रोजचे चार हजारांवर. त्यात लिस्बन महापालिकेचा पर्यटन कर वेगळा. सप्टेंबर 2024 पासून तो माणशी रात्रीला 4 युरो झाला आहे आणि तो बहुतेक वेळा काउंटरवर जाऊनच भरावा लागतो, साइटवर दिसलेल्या रकमेत धरलेला नसतो. म्हणून मी बुकिंग नुसत्या खोलीचं केलं आणि नाश्ता ज्या दिवशी हवा त्या दिवशी काउंटरवर पैसे भरून घ्यायचा असं ठरवलं. बऱ्याच हॉटेलांत हे चालतं, फक्त आधी मेल टाकून विचारून घ्यावं. उलट आधी पॅकेज घेऊन नंतर ‘आज खाल्लं नाही, पैसे परत द्या’ म्हटलं तर कोणी देत नाही. आम्हीही कधी दिले नाहीत.

आता भुकेचं. उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. आमच्या फोंड्याच्या घरी साडेसातला चहा-पाव झालेला असतो. पोटातलं हे घड्याळ विमानात बदलत नाही, त्यामुळे पहिल्या सकाळी तिघंही तीनला टक्क जागे. चारला वहिनींनी पिशवी उघडली. चिवडा होता, शेव होती, पण गरम पाणी नाही! युरोपातल्या कितीतरी हॉटेलांत खोलीत किटली ठेवत नाहीत, आमच्यातही नव्हती. झटपट उपम्याची पाकिटं तशीच राहिली. हॉटेलचा ब्रेकफास्ट साडेसातला सुरू. कोपऱ्यावरची पास्तेलारिया, म्हणजे पेस्ट्री-कॉफीचं दुकान, सातला उघडत होती, पण उपाशीपोटी, अनोळखी गल्लीत, थंडीत बाहेर पडायला वहिनी तयार नव्हत्या. पहिल्या दिवशी मुकाट्याने 42 युरो मोजले आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. पहिल्या सकाळी माणसाला जेवणाची नाही, खुर्चीची गरज असते.

(जाता जाता: नेण्याच्या पिशवीत चोरीस, म्हणजे आपली गोंयची सॉसेजं, घालू नका, पेढेही नकोत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तिकडच्या भाच्याला गोंयची सॉसेजं हवीत म्हणून फोन येतोच, त्याला सरळ नाही म्हणावं.)

तर त्या बुफेबद्दल. दोन तऱ्हांचं हॅम, एक चीज, कॉर्नफ्लेक्स, डब्यातले पीच, दही, संत्री. रसाच्या मशीनवर संत्र्याचं चित्र मोठं, रसात संत्रं बेताचंच. पाव फ्रीजरमधून काढून ओव्हनमध्ये फिरवलेला, वरून कडक आणि आत ओलसर. फिरत्या टोस्टरमधून एकदा काढला तर पांढरा, दोनदा काढला तर काळा. स्क्रॅम्बल्ड एगच्या ट्रेला कडेने पाणी सुटलेलं. धंद्यातल्या माणसाला त्यावरून कळतं की ट्रे भरून तास उलटला आणि किचनमध्ये आज माणूस कमी आहे. कॉफीचं मशीन मात्र चांगलं होतं. सौभाग्यवतीने दोन कप घेतले आणि शिवाय एक केळं पर्समध्ये टाकलं. अकाउंट्सवाल्याची बायको, चौदा युरो वसूल केल्याशिवाय उठणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी साताला आम्ही कोपऱ्यावर. आत फॉर्मायकाचं काउंटर, काचेत पेस्ट्र्या, भिंतीवर टीव्ही, आणि कामावर निघालेली माणसं उभ्याउभ्या बिका मारून जाताहेत. बिका म्हणजे छोट्या कपातली कडक काळी कॉफी. आम्हाला झेपते ती गलांव, उंच ग्लासात तीन वाटे दूध आणि एक वाटा कॉफी. सोबत तोर्राद मागवली. ही एकच गोष्ट खायला मी लिस्बनला परत जाईन. बोटभर जाड पावाचा स्लाइस भाजतात, गरम असतानाच दोन्ही बाजूंना खारं लोणी फासतात आणि उभे तीन तुकडे करून देतात. कडेच्या दोन तुकड्यांना कडक कड असते. मधला मऊ, सगळं लोणी त्यातच जिरलेलं. तो उचलला की बोटांना लोणी लागतं, कागदी रुमालाने पुसलं तरी जात नाही (तिथले रुमाल पातळ आणि गुळगुळीत, लोणी पुसण्याऐवजी पसरवतात). मधला तुकडा कोणी घ्यायचा यावरून आमच्या टेबलावर रोज थोडं राजकारण व्हायचं. वहिनी ‘मला नको, मला नको’ म्हणत पहिला हात त्यालाच घालायच्या.

तोर्राद आणि गलांव मिळून माणशी साडेचार युरोच्या आत. तिघांचं बिल हॉटेलच्या एका माणसाच्या बिलाएवढं. फक्त कुठे बसता ते बघा. काही ठिकाणी काउंटर, आतलं टेबल आणि बाहेरची फुटपाथवरची खुर्ची यांचे दर वेगवेगळे असतात आणि दरफलकावर तसं लिहिलेलंही असतं. बाहेरच्या खुर्चीत फोटो छान येतो, त्याचेच ते पैसे.

आणखी एक. तोस्ता मिस्ता नावाचं सँडविच सगळीकडे मिळतं, त्यात चीजबरोबर हॅम असतंच. नको असेल तर ‘सॉ केजु’, फक्त चीज, असं म्हणायचं. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या पोर्तुगीजचे चार शब्द माझ्याकडे उरलेत, त्यातले हे दोन कामी आले.

खरी अडचण सोमवारची. वहिनी सारस्वत घरातल्या, मासळीवर जीव, पण सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आणि पास्तेलारियाच्या काचेतला जवळजवळ प्रत्येक गोड पदार्थ अंड्याच्या बलकावर उभा असतो. पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली पापुद्र्याची वाटी, तर बलकच बलक. आपल्या गोंयच्या थरांच्या बेबिंकेलाही ते लागतात, पण बेबिंक आपण सणावाराला खातो, हे लोक नाता रोज सकाळी खातात. वहिनींनी काचेवर बोट ठेवून एकेक विचारलं, मी एकेकाला मान हलवली. ‘भावजी, यांच्याकडे सोमवार नसतो का हो?’ म्हणाल्या. शेवटी तोर्रादच. पुढच्या सोमवारी मी त्यांच्या एकटीचे 14 युरो हॉटेलात भरले. दही, फळं, चीज, पाव, मनासारखं पोटभर खाल्लं त्यांनी, आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर. घरातल्या शिवराक माणसासाठी परदेशात हॉटेलचा बुफे खरंच सोयीचा. समोर काय आहे ते दिसतं, नको ते घ्यावं लागत नाही, काउंटरवर भाषेची झटापट नाही.

लिस्बनच्याच बेलें भागात एकदा जावंच. तिथलं पास्तेइश द बेलें हे दुकान 1837 पासूनचं, जेरॉनिमुश मठाच्या शेजारीच. दारातली रांग बघून लोक परत फिरतात, पण बरीचशी रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा मिळते. नाता गरम येते, वर दालचिनी आणि पिठीसाखर आपणच भुरभुरायची. पापुद्र्याचा आवाज होतो, मग आतलं कस्टर्ड जीभ भाजतं. दीड युरोच्या आसपास एक. तरी हा नाश्ता धरू नका. दोन खाल्ल्या की गोडाने तोंड बसतं आणि अकराला परत भूक लागते. पोटाला पाव लागतो, निदान आमच्या पोटाला.

परतीच्या दिवशी विमान पहाटेचं होतं. आदल्या रात्री रिसेप्शनला सांगितलं तर त्यांनी पिशवीत सँडविच, सफरचंद आणि रसाचा डबा बांधून दिला. नाश्त्याचे पैसे भरलेले असतील तर बऱ्याच हॉटेलांत ही पिशवी मिळते, फक्त मागावी लागते. आपल्याकडचे पाहुणेही मागत नाहीत, किचनमध्ये दर सकाळी बांधायची तयारी असूनही.

आता उलट बाजूने. कोल्हापूरचे, पुण्याचे नातेवाईक पणजीत येतात आणि मला फोन करतात, सीपी घेऊ का? मी नाही म्हणतो. मी काम केलं त्या हॉटेलात बुफेला इडली, वडा, पोहे, आलू पराठा असायचा. सगळं व्यवस्थित, आणि गोंयचं त्यात काही नाही. आम्ही स्टाफची माणसं ड्यूटीवर चढण्यापूर्वी कॅफे तातो किंवा कॅफे भोंसलेत भाजी-पाव खाऊन यायचो. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, एखादी मिरची, वर चहा. टेबल दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावं लागतं, वेटर तोंडीच बिल सांगतो आणि उगाच रेंगाळलात तर पुढचा माणूस पाठीशी उभा राहतो. आठला गेलात तर पाव ताजा मिळेल. साडेदहाला आरामात उठून गेलात तर भाजी संपल्याचं ऐकायची तयारी ठेवा.

मात्र रविवारी पणजीतली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री मुक्काम असेल आणि बरोबर सासूबाई किंवा लहान मुलं असतील, तर त्या एका सकाळीपुरता हॉटेलातला नाश्ता काउंटरवर सांगून ठेवा आणि लहान मुलांचे पैसे लागतात का ते तेव्हाच विचारा. पाच-सहा वर्षांखालच्यांचे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.