अभिजात तमिळचा पदविका अभ्यासक्रम: वर्षभरानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो. रिक्षावाल्याशी भाडं ठरवता यावं, शेजारच्या मामींशी चार गप्पा मारता याव्यात म्हणून तमिळ शिकायची असेल, तर अभिजात तमिळच्या वाटेला जाऊ नका. वर्गात शिकलेलं एक वाक्यही चेन्नईतल्या मैलापूरच्या भाजीबाजारात चालत नाही. बोलीतली तमिळ, वर्तमानपत्रातली तमिळ आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संगम कवितांची तमिळ ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि विद्यापीठात फक्त तिसरं शिकवतात. पहिली दोन येतात असं गृहीत धरतात.

मी पुण्यात संस्कृत-प्राकृत घेऊन एम.ए. केलं, नंतर नोकरीने चेन्नईत आणलं. इथल्याच एका विद्यापीठाचा संध्याकाळचा वर्ग धरला. संस्कृत येतं म्हणजे निम्मं काम झालं, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. प्रत्यक्षात संगम साहित्यात संस्कृत शब्द फारच थोडे. धातू, प्रत्यय, वृत्तं, अलंकारविचार, सगळा कारभार वेगळा. जे खरोखर कामी आलं ते मराठी, पण त्याबद्दल पुढे.

संगम साहित्य म्हणजे आठ संग्रह आणि दहा दीर्घकाव्यं, मिळून साधारण २४०० कविता. आम्हाला लावलेला ‘कुरुंदोगै’ हा त्यातला छोट्या कवितांचा संग्रह: ४०१ कविता, बहुतेक चार ते आठ ओळींच्या. लहान आहेत म्हणून सोप्या असतील अशी आशा बाळगू नका. तिसरी कविता घ्या. जुन्या पद्धतीच्या छापील आवृत्तीत तिची दुसरी ओळ अशी दिसते: ‘नीरिनु मारळ विन्ऱे सारऱ्’. यातला ‘मारळ’ हा शब्दच नाही. पानावर सोडलेली जागा दोन शब्दांमधली नसून वृत्तातल्या दोन गणांमधली असते. संधी सोडवल्यावर ओळ होते: नीरिनुम् – आर् – अळविन्ऱे – सारल्. त्यातलं शेवटचं ‘सारल्’, म्हणजे डोंगरउतार, अर्थाने पुढच्या ओळीचं. ताडपत्रांवर तर अशीही जागा सोडत नसत, आणि स्वर नसलेल्या व्यंजनावरचं टिंबही बहुधा देत नसत. पहिले काही महिने आमचा सगळा वेळ या फोडाफोडीत गेला. कोर्सचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग हाच.

फोड जमली की कविता उघडते. नायिका म्हणते: जमिनीहून मोठं, आभाळाहून उंच, पाण्याहून अथांग, डोंगरउतारावरच्या काळ्या देठांच्या कुरिंजीची फुलं घेऊन मध घडवणाऱ्या मुलखाच्या त्या पुरुषाशी माझं सख्य. काय मोठं, काय अथांग, हे अगदी शेवटच्या शब्दात कळतं. मधमाशीचं तर नावही नाही. आणि बघा, ही सगळी लांबलचक विशेषणं मराठीत जवळजवळ त्याच क्रमाने बसतात. ‘घडवणाऱ्या मुलखाच्या पुरुषाशी’ असं आपण रोजच बोलतो. वर्गातला एक जर्मन विद्यार्थी प्रत्येक वाक्य उलटं करून वाचायचा. मला ती कसरत करावी लागली नाही.

कुरिंजी म्हणजे आपल्या कारवीच्याच कुळातली. कारवी सात वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. तिच्या नावावरून डोंगराळ प्रदेशाला कुरिंजी म्हणतात, आणि तो प्रदेश आला की विषय मीलनाचा, असं समजायचं. रान आलं की वाट पाहणं, शेतमळे आले की रुसवा, समुद्रकिनारा आला की झुरणं, रखरखीत वैराण वाट आली की ताटातूट. हे सगळं ‘तोल्काप्पियम’ या व्याकरणाच्या तिसऱ्या भागात बांधून दिलंय. व्याकरणाच्या ग्रंथात वर्ण आणि शब्दांनंतर थेट कवितेचा विषय येतो, याची मला अजून गंमत वाटते. प्रेमकवितेत कुणाचं नाव घ्यायचं नाही, हाही नियम तिथलाच. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती वाचलेल्याला ही मंडळी ओळखीची वाटतील: बोलणारी नायिका, मध्ये पडणारी सखी, सांगायचं एक आणि सुचवायचं दुसरंच. या साम्यावर अमेरिकन अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी १९७० च्या दशकात विस्ताराने लिहिलंय.

आता तक्रारी. परीक्षेत न वाचलेली कविता येतच नाही. नेमलेल्या कविता, त्यांवरची नेमलेली भाष्यं, ठरलेली उत्तरं. वर्गात वर्षभर फोड शिकवायची आणि पेपरात पाठांतर तपासायचं, हे मला पटलं नाही. पुस्तकं वेळेवर मिळाली नाहीत, अर्धं वर्ष झेरॉक्सवर काढलं. शिकवणाऱ्या बाईंना मात्र तोड नाही. त्या आधी कविता गाऊन दाखवत, मग फोड, आणि अर्थ सर्वांत शेवटी.

साधनांचं म्हणाल तर चंगळ आहे. मद्रास विद्यापीठाचा तमिळ कोश आणि ‘प्रोजेक्ट मदुरै’वरच्या मूळ संहिता इंटरनेटवर फुकट आहेत. एकेकाळी हे किती दुर्मिळ होतं! उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांच्यासारख्या पंडितालाही १८८० पर्यंत ‘जीवक चिंतामणी’ हे जुनं तमिळ महाकाव्य वाचायला मिळालं नव्हतं. एका मुन्सफाने विचारलं म्हणून त्यांनी शोध सुरू केला, १८८७ साली ते छापलं, १८९४ मध्ये संगमच्या आठ संग्रहांतलं ‘पुरनानूरु’. खेडोपाडी फिरून कीड लागलेली ताडपत्रं गोळा केली. तमिळ माणूस त्यांना ‘आजोबा’ म्हणतो.

तमिळला अभिजात दर्जा २००४ मध्ये मिळाला, आपल्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये. पेढे वाटून झाले. आता महाराष्ट्री प्राकृत मुळातून वाचायला शिकवणारे संध्याकाळचे वर्ग कुणी काढले, तर मी पहिला अर्ज करीन.

घ्यावा का? नोकरी-बढतीसाठी नको. प्राकृत किंवा जुनी मराठी वाचायची आवड असेल तर जरूर, पण आधी लिपी आणि जुजबी बोली घरी शिकून या. शिवाय फी भरण्याआधी कुरुंदोगैच्या पाच कविता कोश घेऊन स्वतः सोडवून पाहा. दुसऱ्याच कवितेला जांभई आली, तर तेवढे पैसे वाचले.