साळावलीच्या काठाला ग्रॅव्हल की हार्डटेल?

दक्षिण गोव्यातल्या मडगावहून साळावली धरणाच्या पाण्याशी सायकलनं जायचं तर आधी गुडी-पारोडा, केपे, तिळामळ असं डांबर संपवावं लागतं. तांबडी माती त्यानंतर. सायकल घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानात उभं राहिलं की डोळ्यांपुढे येते ती काठावरची वाट, काजूची सावली आणि हॉर्न न वाजणारी सकाळ. घरी परतल्यावर हिशेब केला तर निम्म्याहून जास्त अंतर डांबराचंच भरतं.

मी आधी हार्डटेल चालवली, म्हणजे पुढच्या चाकाला दबणारा फोर्क आणि रुंद टायर असलेली डोंगरी सायकल, चार पावसाळे. ग्रॅव्हल, म्हणजे वाकड्या हँडलची, न दबणाऱ्या फोर्कची, डांबरावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी सायकल, घेतल्याला आता तिसरं वर्ष. तुमचं घोडं याच दोघींत अडलं असेल तर हा माझा अनुभव. वजनं, किमती आणि गिअरचे दाते तुम्ही बघून ठेवलेच असतील.

डांबराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हार्डटेलचे गुठळ्यांचे टायर केप्यापर्यंत घरघरत राहतात आणि आपण उगाच कुणाला तरी ओढत नेतोय असं वाटतं. ग्रॅव्हलवर तेच अंतर गप्पा मारत जातं. या पट्ट्यात आणखी एक भानगड म्हणजे खाणींचे टिपर. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा इथले रस्ते अचानक मोकळे झाले होते. त्यानंतर चालू-बंद, चालू-बंद. टिपर धावत असतील त्या दिवसांत मोठा रस्ता लवकर मागे टाकलेला बरा, आणि लवकर म्हटलं की ग्रॅव्हलच.

काठावर मात्र पारडं फिरतं, हे कबूल करायला हवं. आपल्याकडची खडी म्हणजे फोडलेला काळा दगड नव्हे. जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल दाणे, खाली टणक कातळ आणि वर सुटे दाणे. उतारावर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक गोट्यांवरून घसरल्यासारखं बाजूला जातं. एप्रिलमध्ये त्यात काजूच्या बोंडांची भर. झाडाखाली पडून कुजलेलं बोंड म्हणजे साबणच समजा. अशा जागी हार्डटेलचा रुंद टायर आणि सरळ हँडल माणसाला सावरून घेतात. एकदा बागेत बोंडं गोळा करणाऱ्या काकांनी मला ग्रॅव्हलवरून कातळावर धडपडत उतरताना पाहिलं आणि हातातली पाटी खाली ठेवून म्हणाले, "हांगा रस्तो ना रे बाबा!" हार्डटेलवर असताना मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

आणि हाताचं काय? जिथं गाड्या जाऊन-येऊन रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालाय तिथं ग्रॅव्हलवर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतात. टायरची हवा कमी करून थोडा फरक पडतो, पण थोडाच. मनगटाचं दुखणं असेल त्यानं हा परिच्छेद दोनदा वाचावा.

कुर्डीत दोघी बरोबरीत सुटतात. धरणासाठी उठवलेलं हे गाव पाणी उतरलं की मे महिन्यात वर येतं. घरांचे जोते, विहिरींचे काठ, वाटा, सगळं आपापल्या जागी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये इथंच जन्मल्या. त्यांच्या घराचे अवशेष लोक अजून दाखवतात. जुनं महादेवाचं देऊळ दगड न दगड उचलून धरणाजवळ नेलं, पण सोमेश्वराच्या देवळाशी गावकरी दर मे महिन्यात जमतात. वाडे आणि वालकिणीला जाऊन वसलेली माणसं त्या दिवशी आपल्या जोत्यावर बसून जेवतात. त्या दिवशी तिथं सायकल घेऊन जाऊ नये असं माझं मत. इतर दिवशी जा, आणि जोत्यांवरून फिरवू नका.

वाळलेला गाळ चालवायला झकास. सपाट, किंचित मऊ, आवाज नाही. फक्त भेगा बघा. चाकाच्याच दिशेनं गेलेली हाताच्या पंजाएवढी भेग ग्रॅव्हलचं पुढचं चाक अलगद धरून ठेवते. मी तसा एकदा सावकाश, अगदी शोभेनं आडवा झालो. हार्डटेलचं रुंद चाक बहुधा वरून गेलं असतं. उलट जोत्यांपाशी उतरून सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते तेव्हा ग्रॅव्हल बरी पडते.

पावसाळ्यात दोघींनाही घरी ठेवा. साळावलीचा सांडवा, तो बदकाच्या चोचीसारखा, भरून वाहताना बघायला मोटारीनं जा. पारोड्याला कुशावती रस्त्यावर आली तर तेही जमणार नाही.

मग इतकं सगळं हार्डटेलच्या बाजूनं लिहून मी ग्रॅव्हल का चालवतो? कारण अगदी क्षुल्लक आहे, सांगायला थोडी लाज वाटते. एक तांबडं कडं.

हार्डटेलच्या फोर्कच्या वरच्या दोन गुळगुळीत नळ्या तुम्हाला माहीत आहेत. फोर्क दबला की त्या खालच्या नळ्यांत जातात, मध्ये रबरी सील. आपल्याकडची धूळ पिठाइतकी बारीक. जांभ्याची माती नुसती बसत नाही, सीलमधून येणाऱ्या तेलाच्या ओशटपणाला चिकटते. दर फेरीनंतर त्या काळ्या नळीवर, फोर्क जिथपर्यंत दबला तिथं, बरोबर एक तांबडं कडं उठलेलं असायचं. कुंकवाच्या बोटासारखं. ते पुसायचं. न पुसता पुढच्या रविवारी निघालात तर तेच कडं सीलखाली जाऊन नळी घासतं. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर फिरून आल्यावर, आंघोळीआधी, जेवणाआधी, अंगणात उकिडवं बसून जुन्या बनियनच्या फडक्यानं दोन नळ्या पुसायच्या. बायको म्हणायची, देवाची समई एवढ्या प्रेमानं घासली असतीस तर.

तरीही झालं व्हायचं तेच. फोर्क वर येताना कुरकुरू लागला. अशा फोर्कची खालची बाजू उघडून तेल बदलायला कंपन्या साधारण दर ५० तास चालवल्यावर सांगतात. कोरड्या, स्वच्छ देशात ते ठीक असेल. आपल्या धुळीत मी त्याच्या निम्म्यावरच यायचो. दुकानात दिला तर 'सील मागवायला लागेल' म्हणून ठेवून घेतला. तीन आठवडे. परत आला तो डावीकडून तेल गळत. पुन्हा नेला, पुन्हा दोन आठवडे. म्हणजे एप्रिल गेला आणि मे अर्धा गेला, आणि कुर्डी वर्षातून थोडेच दिवस उघडी असते.

त्या पाच आठवड्यांत सांग्याच्या एका मित्राची ग्रॅव्हल मागून आणली. पहिल्या दिवशी हात बधिर झाले, दुसऱ्या रविवारी बोंडावरून घसरलो, दोन्ही खरं. पण घरी आल्यावर नळ घेऊन पाणी मारलं, साखळी पुसली, तेलाचे चार थेंब, झालं. उकिडवं बसायला काही नव्हतंच. मडगावच्या नळालाही पाणी साळावलीचंच, म्हणजे तिथली माती तिथल्याच पाण्यानं उतरली. तिसऱ्या रविवारपर्यंत मी हार्डटेलची आठवण काढणं बंद केलं होतं.

हे मोजमाप नव्हे, माझ्या आळसाचं वर्णन आहे. तुम्हाला सायकल पुसण्यात आनंद मिळत असेल, किंवा फोर्क स्वतः उघडता येत असेल, तर माझी अडचण तुमची नाही. मग हार्डटेल घ्या, निर्धास्त घ्या. सायकल गाडीवर टाकून थेट काठापर्यंत नेणार असाल तरीही हार्डटेलच. डांबराचा मुद्दाच मिटला. पुढे नेत्रावळीच्या बाजूला जंगलात शिरायची इच्छा असेल तर अभयारण्याच्या फाटकावर आधी विचारा. सकाळी गवे रस्त्यावर असतात आणि त्यांच्यापुढे दोन्ही सायकली सारख्याच.

पण घरून पायडल मारत निघणार असाल, आणि रविवारची दुपार तुम्हाला झोपेसाठी हवी असेल, तर मी ग्रॅव्हलकडे बोट दाखवीन. दोन अटींवर. ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर मावेल अशीच फ्रेम घ्या. ३८ वर साळावलीला जाऊन आलेले दोघे जण मला माहीत आहेत, दोघांनीही नंतर टायर बदलले. आणि ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूबच नको, कारण कळकाचे काटे वाटेवर पसरलेले असतात आणि ते ट्यूबला दयामाया दाखवत नाहीत. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, मात्र आपल्या उकाड्यात लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे.

हार्डटेल मी विकली नाही. भाचा चालवतो. गेल्या रविवारी कुर्डीहून आला, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "मामा, ते जुनं फडकं कुठं ठेवलंयस?"